बहिणीकडे फॅमिली व्हिजिट, आणि मित्रही त्याच देशात: व्हिसाच्या अर्जात काय सांगायचं?

सुरसागरकाठ

बडोद्यातल्या आपल्या घरांमधून हा प्रश्न सारखा येतो, पण दबक्या आवाजात येतो. म्हणून इथे उघड मांडते.

समजा, मुलगी २६ वर्षांची आहे, मांजलपूरला आईवडिलांकडे राहते, मकरपुऱ्याला नोकरी करते. सख्खी मोठी बहीण आणि जिजाजी ब्रिटनमध्ये लेस्टरला. मुलीचा मित्र बर्मिंगहॅमला, त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला आहे. ओळख दीड वर्षाची, एकत्र कधी राहिलेले नाहीत, लग्नाचा विषय दोघांत निघतो पण घरी कोणाला माहीत नाही. मुलीला चार आठवडे बहिणीकडे जायचंय, त्यात मित्राची भेट होणारच. एजंट म्हणतो, ‘सिंगल लिहा आणि विषय संपवा.’

त्याचं बरोबर आहे का? फॉर्ममध्ये हा प्रश्न नेमका कुठे कुठे येतो? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं माहीत असलेल्यांनीही लिहावं.

तांबेकरवाडा

एजंटचं ‘सिंगल लिहा’ बरोबर आहे. ‘विषय संपवा’ चूक आहे.

ब्रिटनसाठी फॅमिली व्हिजिट असा वेगळा व्हिसा आता राहिलेला नाही. बहिणीकडे जा किंवा फिरायला जा, अर्ज स्टँडर्ड व्हिजिटरचाच. त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना आहे. पर्यायांमध्ये अविवाहित आणि विवाहित यांच्याबरोबर ‘अविवाहित जोडीदार’ हाही एक आहे, आणि तिथेच लोक गोंधळतात. ब्रिटनच्या नियमांत या शब्दाचा अर्थ किमान दोन वर्षं टिकलेलं, लग्नासारखं नातं असा आहे. रोज रात्री व्हिडिओ कॉल आणि सुट्टीत दोन भेटी म्हणजे ते नव्हे. वरच्या उदाहरणातल्या मुलीने ‘अविवाहित’ लिहिणं हे खरं उत्तर आहे.

पुढचा प्रश्न: ब्रिटनमध्ये तुमचं कुटुंब आहे का? कुटुंबात कोण कोण धरायचं ते तिथेच लिहिलेलं असतं. जोडीदाराच्या बाबतीत मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं एकत्र राहिला असाल तर तो कुटुंबात, असा निकष आहे. म्हणजे इथेही मित्राचं नाव येत नाही.

इथवर वाचून एजंट थांबतो. पण फॉर्म पुढे विचारतो: कोणाला भेटायला जाताय, कुठे राहणार, खर्च कोण करणार. चार आठवड्यांतले आठ दिवस मुलगी बर्मिंगहॅमला राहणार असेल आणि पत्ता फक्त लेस्टरचा दिला, तर ते उत्तर अपुरं राहत नाही, खोटं ठरतं. तिकीट मित्राने काढलं असेल आणि खर्चाच्या रकान्यात ‘मी स्वतः’ लिहिलं, तर तेही खोटं.

म्हणून प्रत्येक प्रश्न त्याच्या शब्दांनुसार वाचायचा. मित्र त्या शब्दांत बसत नसेल तर त्याला ओढून आणायची गरज नाही. बसत असेल तर लपवायचा नाही.

खोटं ठरलं तर काय, हे आकड्यांतच सांगतो. साधा नकार आला की फी जाते, पण दुसऱ्या दिवशी नवा अर्ज करता येतो. फसवणूक केली असं ठरलं तर १० वर्षांची बंदी. आणि खोटी माहिती एजंटने भरली, मला माहीत नव्हतं, असं म्हणून नकार टळत नाही. अर्जदाराला ठाऊक नसलेल्या खोट्या माहितीवरही अर्ज नाकारता येतो.

खंडेराव_मार्केट

मला हे पटत नाही. विचारलंच नाही ते सांगितलं नाही, तर तो गुन्हा कसा? ब्रिटनमध्ये मित्र आहे म्हटलं की अधिकाऱ्याच्या मनात पहिला विचार येणार, ही परत येणार नाही. आपल्या हाताने आपलाच अर्ज कशाला बिघडवायचा?

तांबेकरवाडा

तुमची शंका रास्त आहे. नातं सांगितल्यामुळे अर्ज नाकारला जाऊ शकतो. तो धोका नाही असं म्हणणारा माणूस तुमची दिशाभूल करतो.

मित्र सहलीत कुठेच नसेल, म्हणजे मुक्काम नाही, खर्च नाही, प्रवासाचं कारण तो नाही, तर त्याचा उल्लेख न करणं हे खोटं नाही. प्रेमात आहात का, असं कुठलाही फॉर्म विचारत नाही. पण वरच्या उदाहरणात तो सहलीचा भाग आहे. ‘कोणाला भेटणार’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तो आहे.

अधिकारी काय तपासतो? मुख्यतः हे: मुदत संपायच्या आत परत येणार का, वारंवार येऊन तिथेच राहण्याचा बेत नाही ना, सांगितलेलं कारण खरं आहे का, पैसे पुरेसे आहेत का. मित्र आहे हे कळल्यावर पहिल्या मुद्द्याचं पारडं हलकं होतं. ते भरून काढायला दुसऱ्या बाजूला वजन टाकायचं. नोकरीचं पत्र, त्यात रजेच्या तारखा आणि रुजू होण्याचा दिवस. सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि त्याच रकमा दाखवणारं बँक स्टेटमेंट. आयटीआर. शिकत असेल तर सयाजीराव विद्यापीठाचं बोनाफाईड आणि पुढच्या सत्राच्या फीची पावती. आधी परदेशी जाऊन वेळेत परत आल्याचे शिक्के असतील तर ते सर्वांत बोलके.

आणखी एक, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. उद्या लग्न झालं तर हीच मुलगी जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज करणार. त्या अर्जात पहिली भेट कधी, नातं कधी सुरू झालं, एकमेकांना कुठे कुठे भेटलात, हे सगळं तारखांसह विचारतात. तिथे ‘नातं २०२४ पासून’ असं लिहिलं आणि २०२५ च्या व्हिजिटर अर्जात ‘फक्त बहिणीला भेटणार’ असेल, तर दोन्ही कागद एकाच खात्याकडे आहेत. जुना अर्ज उघडायला त्यांना काही क्षण लागतात.

मांडवी_दरवाजा

तिकीट आणि खिशाचा खर्च मित्रच करतोय, असं बरेचदा असतं. मग?

तांबेकरवाडा

दुसऱ्याने खर्च करायला ब्रिटनचे नियम आडकाठी करत नाहीत. पण खर्च करणाऱ्याबद्दल तीन गोष्टी पटाव्या लागतात: अर्जदाराशी त्याचं खरोखरचं व्यक्तिगत किंवा व्यावसायिक नातं आहे, तो तिथे कायदेशीर राहतो, आणि सबंध मुक्कामाचा खर्च तो करू शकतो व करणार आहे. पहिल्याच अटीत नातं आलं. म्हणजे पैसे मित्राचे असतील तर नातं झाकायला जागाच उरत नाही. त्याचं पत्र, पगाराचे कागद, स्टेटमेंट आणि राहण्याच्या हक्काचा पुरावा जोडा.

सगळ्यात जास्त फसतं ते असं: अर्जाच्या पंधरा दिवस आधी मित्र लाख-दीड लाख मुलीच्या खात्यावर पाठवतो, ‘शिल्लक चांगली दिसावी’ म्हणून. पगार महिना ३२,००० असलेल्या खात्यात परदेशातून अचानक आलेली रक्कम पहिल्या नजरेत दिसते. ती कोणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग नकारपत्रात ‘या निधीचा उगम स्पष्ट केलेला नाही’ असं वाक्य येतं आणि ते अगदी बरोबर असतं. त्यापेक्षा मुक्काम चार आठवड्यांऐवजी दोनच ठेवा आणि स्वतःच्या पैशांत बसवा. अर्ज कितीतरी मजबूत होतो.

न्यायमंदिर

कायद्याचा एक मुद्दा. कोणी विचारत नाही, पण त्यातून सर्वांत मोठं नुकसान होतं.

घरच्यांच्या नकळत देवळात लग्न लागलेलं असतं. हार घातले, सप्तपदी झाली, नोंदणी केली नाही. दोघांचाही समज असा की कागद नाही म्हणजे लग्न नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं कलम ७ सांगतं की ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी न झाल्याने तो रद्द ठरत नाही, हे कलम ८ मध्ये आहे. अशा मुलीने ‘अविवाहित’ लिहिलं तर ते थेट चुकीचं उत्तर आहे. पुढे त्याच लग्नाची नोंदणी करताना विवाहाची तारीख जुनीच पडते, आणि व्हिसाच्या अर्जाची तारीख तिच्या नंतरची निघते. प्रकरण तिथेच उघडं पडतं.

नुसते हार घातले, फोटो काढले, पण विधी झाला नाही, तर गोष्ट वेगळी. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोटीस दिली असेल तर तीस दिवसांचा काळ संपून विवाह होईपर्यंत माणूस अविवाहितच. पण लग्न ठरलेलं आहे हे मात्र त्या नोटिशीनेच सिद्ध होतं, आणि अमेरिकेच्या फॉर्ममध्ये त्याला फार महत्त्व आहे.

अलकापुरी_स्टेशन

अमेरिकेचं मी सांगतो. गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही मुंबई वकिलातीच्या हद्दीत येतात, त्यामुळे बडोदेकर असोत की इंदूरकर, डीएस-१६० (अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) भरून मुलाखत बहुधा मुंबईत बीकेसीलाच, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात.

डीएस-१६० मध्ये कुटुंबाच्या पानावर आईवडिलांची माहिती झाली की प्रश्न येतो: आईवडील सोडून तुमचे जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का? जवळचे म्हणजे कोण याची व्याख्या फॉर्मच देतो: नवरा किंवा बायको, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय तो किंवा ती. मामा, मावशी, चुलतभाऊ यांच्यासाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. ठरलेल्या जोडीदाराला मात्र सख्ख्या भावंडांच्या रांगेत बसवलेलं आहे.

मग आपल्याकडची सीमारेषा कुठली? नुसतं प्रेम आहे, लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही, तर तो या व्याख्येत येत नाही. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, तर येतो, यात वाद नाही. मधला टप्पा अवघड: घरी सांगितलेलं नाही, पण दोघांनी पुढच्या डिसेंबरात लग्न करायचं पक्कं केलंय. माझ्या मते इथे ‘हो’ लिहावं. लग्नाला होकार दोघांचा लागतो, घरच्यांचा होकार हा नुसता समारंभ. अधिकाऱ्याला साखरपुड्याच्या फोटोशी देणंघेणं नाही.

आणि ‘हो’ लिहिलं की बी-२, म्हणजे भेटीचा व्हिसा, हातचा गेला, हा समज चुकीचा आहे. ठरलेल्या जोडीदाराच्या घरच्यांना भेटणं, साखरपुडा करणं, लग्नाची तयारी बघणं, ही बी-२ ची मान्य कारणं आहेत. इतकंच नव्हे, तिथे लग्न करून मुदतीत भारतात परत येणार असाल तर तेही चालतं. तिथेच राहायचं असेल तर मात्र रस्ता वेगळा. तो अमेरिकन नागरिक असेल तर के-१, म्हणजे ठरलेल्या जोडीदाराचा व्हिसा, त्यात पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

नकाराचे दोन प्रकार ओळखा. २१४(ब) या कलमाखालचा नकार म्हणजे परत येण्याबद्दल खात्री पटली नाही. त्यात बंदी नाही, पुन्हा फी भरून अर्ज करता येतो. जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली असा शिक्का बसला तर अपात्रता कायमची. पुढे प्रत्येक वेळी सवलत मागत बसावं लागतं. लपवून टाळायचा तो पहिला नकार, आणि पदरात पडतो तो दुसरा.

मांडवी_दरवाजा

आणि मुलाखतीत विचारलंच नाही तर?

अलकापुरी_स्टेशन

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. कुठे चाललात, कोणाकडे, ते काय करतात, तुम्ही काय करता. जे विचारलं त्याचं उत्तर द्या, आपणहून प्रेमकथा सुरू करू नका. पण ‘तिथे आणखी कोणाला ओळखता का’ असं आलं तर नाव, गाव, नातं एका वाक्यात सांगा आणि थांबा. त्या प्रश्नावर मान खाली घालून ‘कोणी नाही’ म्हणणं म्हणजे पायावर धोंडा.

फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडियाच्या खात्यांची नावंही द्यावी लागतात. ज्या मुलीच्या इन्स्टाग्रामवर बदामाच्या खुणांसह त्याचे फोटो आहेत, तिने ‘ओळखीचं कोणी नाही’ म्हणू नये. घाईघाईने फोटो उडवूनही उपयोग नाही, दुसऱ्यांच्या खात्यांवर ते राहतातच.

कारेलीबाग_वाचनालय

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया थोडक्यात.

कॅनडात ‘कॉमन-लॉ’ म्हणजे नवराबायकोसारखं नातं ठेवून सलग १२ महिने एकत्र राहणं. पुण्यात किंवा बेंगळुरूला नोकरीसाठी दोघांनी वर्षभर एकच फ्लॅट घेतला असेल, भाडेकरारावर दोघांची नावं असतील, तर ‘सिंगल’ लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा. चुकीच्या माहितीची बंदी ५ वर्षांची. पुढे स्वतः स्थायिक होताना ज्या जोडीदाराची माहिती दिली नाही, त्याला नंतर कौटुंबिक वर्गातून बोलावणंही अडतं. नुसत्या मित्रासाठी किंवा ठरलेल्या जोडीदारासाठी तिथे वेगळा व्हिसा नाही, अर्ज साध्या व्हिजिटरचाच.

ऑस्ट्रेलियात व्हिजिटर ६०० या भेटीच्या व्हिसामध्ये ‘स्पॉन्सर्ड फॅमिली’ हा वेगळा प्रवाह आहे. तिथे बहिणीकडून ५,००० ते १५,००० डॉलरपर्यंत अनामत मागू शकतात. त्यावर ८५०३ ही अट लागते, म्हणजे तिथे असताना पुढचा व्हिसा मागता येत नाही. ‘आधी बहिणीकडे जाऊ, मग तिथूनच पार्टनर व्हिसा टाकू’ हा बेत या अटीपाशी अडतो. आणि अट मोडली, मुलगी परतली नाही, तर अनामत बहिणीची बुडते. तिला अंधारात ठेवून हे करणं मला अजिबात मान्य नाही. खोट्या माहितीवर तिथे नकाराबरोबर ३ वर्षांची आडकाठी येते.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड व्हिसाची माहिती आपसांत वाटून घेतात. जिथे फॉर्म ‘कुठल्याही देशाकडून कधी नकार मिळाला आहे का’ असं विचारतो, तिथे दुसऱ्या ठिकाणचा नकारही लिहावाच लागतो.

सुरसागरकाठ

सगळं पटतंय. पण मूळ अडचण घरची आहे. फॉर्म जिजाजी भरतात किंवा बाबांच्या ओळखीचा एजंट भरतो. त्यात मित्राचं नाव लिहायचं म्हणजे घरी सांगितल्यासारखंच.

तांबेकरवाडा

ही अडचण खरी आहे आणि तिला हलकं लेखू नये. कोणी कोणाला घरी कधी सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. व्हिसा खातं आईवडिलांना फोन करून सांगत नाही. पण कागद घरात फिरतात, म्हणून व्यवस्था आधी करावी.

अर्जाचं ऑनलाइन खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, एजंटच्या नाही. निर्णय त्याच ईमेलवर येतो. एजंटकडून काम करून घ्यायचंच असेल तर सबमिट करण्याआधी पूर्ण फॉर्मची पीडीएफ मागा आणि ओळ न् ओळ वाचा. शेवटी ‘ही माहिती खरी आहे’ हे तुम्ही म्हणता, तो नाही. रावपुऱ्यातला चांगला एजंट पीडीएफ द्यायला कधी का-कू करत नाही. जो करतो, त्याच्याकडून फाईल परत घ्या.

मात्र एका माणसाला सांगावंच लागेल: ज्याच्या घरी उतरणार आहात त्याला. बहिणीचं निमंत्रणपत्र साधारण असं असतं: ‘माझी धाकटी बहीण चार आठवडे आमच्याकडे राहील, तिचा राहण्या-जेवण्याचा खर्च आम्ही करू.’ मुलीच्या अर्जात मात्र आठ दिवस बर्मिंगहॅम. दोन कागद एकमेकांशी भांडतात. विमानतळावर अधिकाऱ्याला शंका आली तर तो पाहुणीला बाजूला बसवून यजमानाला फोन लावू शकतो. जिजाजी म्हणाले, ‘नाही नाही, ती सगळे दिवस आमच्याकडेच आहे’, की हातात व्हिसा असूनही परत पाठवायला तेवढं पुरतं. आईबाबांना नंतर सांगा, ताईला आधी सांगा.

दांडियाबाजार_नाका

कव्हर लेटरमध्ये हे कसं मांडायचं? लोक एक तर दोन पानं भावना लिहितात, नाही तर काहीच नाही.

तांबेकरवाडा

चार-पाच वाक्यं पुरेत. मजकूर असा: ‘माझ्या प्रवासाचं मुख्य कारण बहिणीची भेट आहे. अमुक ते अमुक तारखेला मी तिच्याकडे लेस्टरला राहीन. अमुक ते अमुक तारखेला मी माझ्या मित्राला भेटायला बर्मिंगहॅमला जाईन, त्याचा पत्ता आणि राहण्याचा हक्क सोबत जोडला आहे. आमचं नातं अमुक महिन्यापासून आहे, आम्ही एकत्र राहिलेलो नाही. या भेटीत विवाह करण्याचा किंवा त्याची नोटीस देण्याचा माझा इरादा नाही. अमुक तारखेला मी कामावर रुजू होणार आहे, कंपनीचं पत्र जोडलं आहे.’ त्यापुढे एक शब्दही नको. चॅटचे स्क्रीनशॉट, एकत्र फोटो, भेटवस्तूंच्या पावत्या हे व्हिजिटर अर्जात जोडू नका. ते जोडीदाराच्या अर्जाचे कागद. इथे टाकलेत तर स्थायिक व्हायलाच निघाल्यासारखं दिसतं.

विवाहाचं वाक्य मुद्दाम घालायला सांगतो. ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटरवर लग्न करता येत नाही, नोटीसही देता येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर हा वेगळा अर्ज आहे. आणि व्हिजिटर म्हणून जाऊन तिथल्या तिथे जोडीदाराच्या व्हिसावर बदलता येत नाही, परत येऊन भारतातूनच अर्ज करावा लागतो.

घरवेऱ्याची (घरपट्टीची) पावती किंवा सातबारा गुजरातीत असेल तर पूर्ण भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. यातली सही राहून जाते.

मांडवी_दरवाजा

शेवटचं विचारते. एजंटने आधीच चुकीचं भरून पाठवलं असेल तर?

अलकापुरी_स्टेशन

निर्णय यायच्या आत स्वतःहून दुरुस्त करा. आपणहून केलेली दुरुस्ती आणि पकडल्यावर दिलेली कबुली यांत फार अंतर आहे.

अमेरिकेसाठी मुलाखतीआधी नवा डीएस-१६० भरा आणि त्याचा कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यात बदला. मुलाखतीला नवाच प्रिंट न्या. कॅनडाला त्यांच्या वेबफॉर्मवरून कळवतात. ऑस्ट्रेलियासाठी चुकीची उत्तरं कळवायचा वेगळा फॉर्म आहे, क्रमांक १०२३.

तांबेकरवाडा

ब्रिटनसाठी बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) दिलं नसेल तर अर्ज मागे घ्या, फी परत मिळते, आणि नव्याने भरा. दिलं असेल तर कोणतं उत्तर चुकलं, बरोबर काय, चूक कशी झाली, हे तीन परिच्छेदांत लिहून लगेच कळवा आणि पाठवल्याची प्रत जपून ठेवा. नकार आला तर अपीलही नाही, कुटुंबभेटीच्या नकारावरचा तो हक्क जून २०१३ मध्ये गेला. म्हणून अहमदाबादला बोटांचे ठसे द्यायला जाण्याच्या आदल्या रात्री पीडीएफ पुन्हा उघडा. मुक्कामाचा पत्ता, खर्च कोणाचा आणि कोणाला भेटणार, एवढे तीन रकाने ताईला फोनवर मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या पत्रात तेच आहे का, हे तिला तिकडे बघू द्या.